कंठीला चालणारी बुरशी

“अंडी खा,” डॉक्टर म्हणाले.

नानांनी उत्तरादाखल शर्टाचं वरचं बटण काढून गळ्यातली तुळशीची कंठी दाखवली.

“बरं, मग डाळी खा.”

“गॅस होतो.”

“दूध?”

नानांनी असा चेहरा केला, की डॉक्टरांनी दुधाचा विषय स्वतःहूनच मागे घेतला.

“मग पाटील, हा हर्निया घेऊन खुशाल फिरा. अंगात रक्त नाही, वजन उतरत चाललंय. अशा पेशंटला मी टेबलावर घेणार नाही. टाके भरून यायला प्रथिनं लागतात. आधी वजन वाढवा, मग ऑपरेशनचं बोलू. आणि आतडं अडकलं, तर तेव्हा तारीख मी नाही ठरवणार, ते ठरवेल.”

शेवटचं वाक्य ते माझ्याकडे बघून म्हणाले. मी, नानांची मुलगी, बी.एस्सी. होते, सूक्ष्मजीवशास्त्रात, पहिल्या वर्गात. घरी बसले होते, पण पहिल्या वर्गात.

आमच्या नानांची अडचण अशी, की दोन वर्षांपूर्वी ते त्यांच्या गावी, सोनगीरला गेले होते आणि झिपरूबुवांकडून कंठी घालून परत आले होते. आमच्याकडे मांसमच्छीला वशट म्हणतात. नानांनी वशट सोडलं. यात वाईट काही नाही. पुष्कळ लोक सोडतात. पण ते सोडून दुसरं काहीतरी धरतात. नानांनी मटण सोडलं आणि त्याच्या जागी काहीच धरलं नाही. एके काळी लग्नाच्या पंगतीत वाढपी त्यांच्या पानासमोर बादली ठेवून पुढे जात. आता अर्धी भाकरी खाऊन ते ताटाकडे असे बघत, जसं कोणी स्टॅंडवर उभं राहून सुटून गेलेल्या गाडीकडे बघतं. मी सोयाबीनच्या वड्या करून पाहिल्या. एक वडी चावून नाना म्हणाले, “आपली गादी कुठं उसवली का गं?”

तेव्हा मी चंग बांधला. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या एका मासिकात मी वाचलं होतं, की विलायतेत एका बुरशीपासून मांसासारखा पदार्थ तयार करून दुकानात विकायला ठेवतात. ती बुरशी जळगावात मिळणं शक्य नव्हतं. पण धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात धिंगरी नावाच्या अळिंबीचं बियाणं मिळतं, हे मला ठाऊक होतं. वाळवलेल्या धिंगरीत पाव हिस्सा प्रथिनं असतात. शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी सगळी अमिनो आम्लं असतात, ब जीवनसत्त्वं असतात, तंतू असतात, चरबी जवळजवळ नसते. आणि मुख्य म्हणजे ती चावताना लागते. नानांच्या दातांना दोन वर्षं काम नव्हतं.

हे सगळं मी रात्री जेवताना सांगितलं. सांगताना एक चूक झाली. मी ‘अळिंबी’ म्हणायला हवं होतं. पण शास्त्रीयदृष्ट्या नेमकं बोलायची मला सवय. मी म्हणाले, “आई, आपण घरात बुरशी वाढवायची.”

आईच्या हातातला पळा वरणात पडला.

“सुगंधा, लग्न होऊन आले तेव्हापासून मी या घरात बुरशी येऊ दिली नाही. लोणच्याला हात लावायच्या आधी मी हात तीनदा पुसते. पापडाचा डबा उघडताना श्वास धरते. आणि तू पैसे देऊन आणणार?”

“आई, ती वेगळी, ही वेगळी.”

“बुरशी ती बुरशी,” आई म्हणाली. या वाक्यात वर्गीकरणाच्या इतक्या चुका होत्या, की कुठून सुरुवात करावी हे मला कळेना, म्हणून मी सरळ धुळ्याची बस पकडली.

महाविद्यालयातले सर भले होते. त्यांनी मला दुधाच्या काचेच्या बाटल्या दिल्या. प्रत्येकीत उकडलेली ज्वारी आणि त्या दाण्यांवर कापसासारखी शुभ्र वाढ, तोंडाला कापसाचा बोळा. “उन्हात ठेवू नका, हलवू नका, बोळा काढू नका,” असं त्यांनी बजावलं. यातली पहिली आणि तिसरी सूचना मी पाळली. दुसरी पारोळ्याच्या रस्त्याने पाळू दिली नाही.

जळगावच्या वेशीवर जकात नाक्याचा कारकून बसमध्ये चढला आणि नेमका माझ्या पिशवीशी थांबला.

“बाटलीत काय?”

“बियाणं.”

“कशाचं?”

“धिंगरीचं. म्हणजे एक खाद्य बुरशी आहे.”

त्याने बाटली उजेडात धरली. “ही तर ज्वारी आहे.”

“ज्वारी आहे, पण तिच्यावर बुरशी वाढवलीय.”

“वाढवलीय का वाढली?”

“मुद्दाम वाढवलीय.”

“बरं. शेतमाल, औषध का खाण्याचा जिन्नस?”

मी प्रामाणिकपणे विचार केला. “एका अर्थी तिन्ही.”

बसमधले लोक उतावीळ झाले. मागून कोणीतरी ओरडलं, “साहेब, पोरीची ज्वारी सडली, जाऊ द्या तिला!” कारकुनाच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. “मग तसं सांगा ना बाई. सडक्या मालाला जकात नाही.” अशा रीतीने माझं विज्ञान सडकी ज्वारी म्हणून जळगाव शहरात दाखल झालं. मी काही बोलणार होते, पण शेजारच्या आजींनी माझा हात दाबला आणि सहानुभूतीने म्हणाल्या, “व्हतं असं, माय. पावसाळा वाईट गया.”

आता काड हवं होतं. गव्हाचं स्वच्छ, वाळलेलं काड. असोद्याच्या भाईदासमामांना निरोप धाडला. मामा फटफटीवर मागे दोन गठ्ठे बांधून दारात हजर झाले आणि आल्या आल्या विचारू लागले, “कुठं बांधली?”

“काय?”

“म्हैस!”

एवढं बोलणं पुरेसं होतं. आमच्या कॉलनीत भिंती एका विटेच्या आहेत. संध्याकाळी शेजारच्या धुरपदाकाकू पातेलं घेऊन आल्या. “आमचं लीटरभर धरा हं. पाणी नको घालू बाई.” वरच्या मजल्यावरचे रतिलालकाका जिन्यातूनच म्हणाले, की निवासी भागात जनावर पाळायला नगरपालिकेची परवानगी लागते, ते स्वतः तक्रार करणार नाहीत, पण त्यांना रोजचं ताक मिळालं तर बरं. मी दोघांना समजावलं, की म्हैस नाही. धुरपदाकाकूंनी पातेलं रिकामं नेलं ते अशा चेहऱ्याने, जणू म्हैस आहे आणि आम्ही ती लपवतोय.

काड रात्रभर भिजवून गरम पाण्यात ठेवावं लागतं, म्हणजे त्यातले नको ते जंतू मरतात. आमच्याकडे एवढं पाणी तापवायचं साधन एकच, न्हाणीघरातला तांब्याचा बंब. त्या दिवशी घरात कोणाची आंघोळ झाली नाही. उकडलेल्या काडाचा वास साधारण गोठा आणि जुनं पुस्तक यांच्या मधला असतो. तो आधी आमच्या घरात, मग जिन्यात आणि मग कॉलनीभर पसरला.

“नाव सुगंधा,” खिडकीतून धुरपदाकाकू म्हणाल्या, “आणि हा उजेड!”

मी बंबात आणखी एक लाकूड सारलं. शास्त्रज्ञांचा असा छळ पूर्वीही झाला आहे.

काड निथळून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत एक थर काड, एक थर बियाणं असं भरलं, पिशव्यांना भोकं पाडली आणि कोठीच्या खोलीत छताला टांगल्या. आईने आपल्या लोणच्याच्या बरण्या त्या खोलीतून अशा हलवल्या, जशा शेजारी गोवर निघाला की लोक मुलं हलवतात. फक्त एक मोठी बरणी जड म्हणून राहिली. तिच्यावर तिने दोन पदरी फडकं बांधलं आणि वर पाटा ठेवला.

बुरशी पसरू लागली. रोज सकाळी मी दार किलकिलं करून बघत असे. पिवळं काड हळूहळू पांढरं होत होतं, जणू पिशव्यांच्या आत दही लागत होतं. इतकी सुंदर, निर्मळ, एकसारखी वाढ मी प्रयोगशाळेतही पाहिली नव्हती. नाना मात्र दिवसेंदिवस लहान होत होते. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने नवीन भोक पाडलं होतं. कोठीच्या दाराशी येऊन विचारायचे, “तुझ्या झोपाळ्यांचं काय म्हणतंय?”

अशात बेबाआत्या सोनगीरहून भावाला बघायला आली. आत्या नानांपेक्षा मोठी. कामाला वाघ, आणि तिला बसून राहता येत नाही, हा तिचा एकमेव दोष. मी एका दुपारी ग्रंथालयात गेले आणि परत आले तेव्हा कोठीची खोली जवळजवळ रिकामी होती.

“आत्या, माझ्या पिशव्या?”

“वर शेतीस,” आत्या घाम पुसत समाधानाने म्हणाली. “बठ्ठीसले पांढरी बुरशी लागी गयती, माय! तुम्हनं कोनं लक्षच नही. गच्चीवर ऊनमा टाकी दिधं. पापडले लागस तव्हय अशेच करतस ना?”

मी धावत वर गेले. गच्चीवर खान्देशी ऊन होतं. माझ्या पिशव्या फाडून, काड मोकळं करून, कुरडया वाळत घालाव्यात तसं ओळीने मांडलं होतं. कावळ्यांनी खाऊ नये म्हणून वर जुनं लुगडंही अंथरलं होतं. पांढऱ्या वाढीचं पिवळं चामडं झालं होतं. कामाच्या टापटिपीत नाव ठेवायला जागा नव्हती.

मी खाली येऊन, शब्द जपून, आत्याला सांगितलं, की ही बुरशी मुद्दाम लावली होती, नानांनी खायला, आणि इंग्रज लोकसुद्धा बुरशी खातात.

“म्हनीसन तर त्या देश सोडीसन गयात!” आत्या म्हणाली.

दोन पिशव्या तेवढ्या वाचल्या होत्या. त्या जड बरणीच्या बरोबर वर टांगलेल्या होत्या आणि आत्याचा हात तिथवर पोचला नव्हता. मी त्यांना ओलं गोणपाट गुंडाळलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. नानांच्या गळ्यात कंठी, माझ्या गळ्यात किल्ली. घर धार्मिक दिसू लागलं.

त्या दोन पिशव्यांनी मात्र सूड उगवावा तसं पीक दिलं. भोकाभोकांतून राखाडी-पांढरे पंखे फुटले, एकावर एक, शिंपल्यांसारखे. मी एक घमेलं भरून बाहेर आणलं आणि अभिमानाने ओसरीवर ठेवलं.

“अगं बाई,” धुरपदाकाकू किंचाळल्या, “ही तर कुत्र्याची छत्री!”

कॉलनी जमली. सर्वानुमते ठरलं की ही विषारी आहे. पहूरला कोणीतरी कोणाच्या तरी साडूने खाल्ली होती, त्याचं पुढे काय झालं ते कोणी सांगेना, पण सगळ्यांनी माना हलवल्या. मग मी सर्वांसमोर धिंगरी तेलावर परतून मीठ टाकून खाल्ली आणि खाता खाता तिचे गुण सांगू लागले. नेमकेपणाने घात केला.

“ताज्या धिंगरीत नव्वद टक्के पाणी असतं,” मी म्हणाले.

“मग आमच्या नळाचं काय वाईट आहे?” रतिलालकाकांनी विचारलं. त्या दिवशी ते मधूनमधून जिना उतरून आमच्या खिडकीशी येत आणि आत न बघता आईला विचारत, “आहे ना अजून?”

मी होते. तेव्हा दुसऱ्या दिवशी आईने घमेलं हातात घेतलं. तिने धिंगरीचे देठापासून लांब लांब धागे काढले, एक धागा बोटांत चोळून पाहिला, आणि तिच्या डोळ्यांत मला काहीतरी वेगळं दिसलं. ती एकदम कामाला लागली. कांदे निखाऱ्यावर भाजले, खोबरं काळपट होईपर्यंत भाजलं, गरम मसाला, लसूण, आलं, सगळं पाट्यावर वाटलं. वर तर्री अशी आली, की दोन वर्षांत आमच्या घराने तो रंग पाहिला नव्हता. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी थापताना ती गुणगुणत होती.

नाना पानावर बसले. पहिला घास खाल्ला आणि चावत राहिले. दुसरा खाल्ला. अर्धी भाकरी संपली. ते थांबले नाहीत. दुसरी भाकरी घेतली. आत्या, आई आणि मी त्यांच्या पानाकडे बघत होतो. त्यांच्या कपाळावर घाम आला, नाकातून पाणी वाहू लागलं, गाल लाल झाले. आणि अचानक त्यांचा हात थबकला. गावची बोली घरात वापरायची नाही असा त्यांचाच नियम, पण त्या क्षणी तो सुटला.

“मंदा. हाई काय शे?”

“धिंगरी,” आई म्हणाली.

“हाई मटन शे!” नानांनी पान दूर सारलं. “माले फसाडं तुम्ही. बुवानी घातेल कंठी शे ही!”

“नाना, हे मांस नाही,” मी म्हणाले. “मी स्वतः वाढवलंय.”

“म्हणजे भाजी आहे?”

इथे ‘हो’ म्हणायचं होतं. एवढंच. एक अक्षर. आई मागून खुणावत होती, आत्या मला चिमटा काढत होती. पण मी म्हणाले, “भाजीही नाही, नाना. कवकं, म्हणजे बुरश्या, वनस्पतीच नव्हेत. त्यांना हरितद्रव्य नसतं. पेशीभित्तिकेत कायटिन असतं, ते खेकड्याच्या कवचातही असतं. प्राणी नाहीत, वनस्पती नाहीत, तो सजीवांचा तिसराच गट आहे.”

‘खेकडा’ या शब्दाशी नाना पानावरून उठले.

त्यानंतर त्यांनी धिंगरीला हात लावला नाही. अर्ध्या भाकरीवर परत गेले. आई माझ्याशी बोलेना. धुरपदाकाकूंनी कॉलनीत सांगितलं, की पोरीने बापाला खेकडे चारले. शेवटी नानाच म्हणाले, “बुवांना विचारा. कंठी त्यांनी घातली, ते म्हणतील तसं.” प्रश्न शास्त्राचा होता आणि निकाल सोनगीरला लागणार होता, पण पट्ट्याला आणखी भोक पाडायला आता कातडं उरलं नव्हतं. मी डबा भरून घेतला, आणि आत्याला सोडायच्या निमित्ताने निघाले.

झिपरूबुवा खळ्यात बाजेवर बसले होते. वय झालेलं, पण बोलणं सरळ. मी डबा उघडून समोर ठेवला. यावेळी मी ठरवलं होतं, विचारतील तेवढंच सांगायचं.

“काप्यावर रगत निंघस का?”

“नाही.”

“आरडस का?”

“नाही.”

“पिल्लं देस का?”

इथे बीजाणूंबद्दल बोलण्याचा मोह मी दातांखाली धरला. “नाही, बुवा.”

“आन मंग इतला लोक कज्या काबरं करी ऱ्हायनात?” असं म्हणून बुवांनी एक फोड उचलून तोंडात टाकली. मग दुसरी. मग डबा मांडीवर घेतला. शेवटी बोटाने कडा पुसून त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ स्तब्ध बसले. मला वाटलं, ध्यान लागलं.

आत्या माझ्या कानात म्हणाली, “जुनं मटन आठवी ऱ्हायनात.”

बुवांनी डोळे उघडले. “वशट नही. तुन्हा बापले, अभिमनले सांग, बिनघोर खाय म्हना.”

मी जवळजवळ नाचत जळगावला आले. वाटेत धुळ्याला उतरून पुन्हा बियाणं घेतलं. नाक्यावर कारकून चढताच मीच म्हणाले, “सडकी ज्वारी,” आणि त्याने मान डोलावली.

त्या रात्री आईने तोच रस्सा केला. नाना पूर्ण निर्धास्त होऊन बसले. कंठीला हात लावून नमस्कार केला, घास घेतला, चावला.

“आज त्या दिवशीसारखं नाही झालं,” ते म्हणाले, आणि अर्ध्या भाकरीवर उठले.

दुसऱ्या दिवशीही तेच. आई रडकुंडीला आली. मी मात्र शास्त्रोक्त विचार करत बसले. धिंगरी त्याच पिशवीतली. मसाला तोच, पाटा तोच, आईचा हात तोच. मग बदललं काय? फक्त एक गोष्ट. त्या दिवशी परवानगी नव्हती आणि आज होती. प्रथिनं तेवढीच होती, पण त्यांच्याबरोबर जो एक घटक होता, तो बुवांनी काढून टाकला होता. तो कुठल्याच तक्त्यात दिलेला नसतो.

तिसऱ्या दिवशी मी आईला सांगितलं, खिडक्या लावून स्वयंपाक कर. आईने कारण विचारलं नाही. तिचा संसार तीस वर्षांचा होता. खिडक्या लागलेल्या दिसताच धुरपदाकाकू तीनदा विरजण मागायला आल्या आणि तीनदा नाकाने वास घेऊन फार अर्थपूर्ण चेहऱ्याने परत गेल्या. नाना पानावर बसले. रश्श्यातून वाफ येत होती. त्यांनी एकदा बंद खिडकीकडे, एकदा दाराकडे पाहिलं.

“सुगंधा,” ते हळू आवाजात म्हणाले, “ही बुवांनी पास केलेली धिंगरीच ना?”

जीभ टाळ्याला चिकटवून मी बसले. घशात अख्खं पाठ्यपुस्तक अडकलं होतं.

“खाऊन बघा,” मी म्हणाले.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठून दाराची कडी लावून आले, कंठी बनियनच्या आत सरकवली, आणि मांडी ठोकून बसले. अडीच भाकरी खाल्ल्या. त्यांना ठाऊक होतं. त्यांना ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. पण दार उघडायचा प्रस्ताव दोघांपैकी कोणी मांडला नाही. उन्हाळा लागून पिशव्या सुकेपर्यंत आमचं घर रोज संध्याकाळी असं चोरून जेवत होतं. उरलेली धिंगरी मी वाळवून डब्यात भरली, म्हणजे पुढेही तुटवडा नको.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा नाना वजनकाट्यावर चढले आणि काटा बघून डॉक्टरांनी चष्मा पुसला. डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, आत लाली होती.

“वा! पाटील, शेवटी अंडी सुरू केलीत तर.”

खुर्चीत बसता बसता नानांनी दुखावल्यासारखी छाती पुढे काढली आणि कंठी बाहेर ओढली. “छे, छे! डॉक्टरसाहेब, शुद्ध शाकाहारी आहे मी.”

ते वाक्य चुकीचं होतं. शाक म्हणजे वनस्पती, आणि कवक ही वनस्पती नव्हे, हे एव्हाना त्यांना माझ्याइतकंच पाठ झालेलं. माझं तोंड आपोआप उघडलं. टेबलाखाली नानांनी माझ्या पायावर पाय ठेवला आणि दाबला. चांगला वजनदार लागला.

मी तोंड मिटलं. डॉक्टरांनी कॅलेंडर पुढे ओढलं आणि ऑपरेशनचा वार शोधू लागले.